नागरिक आहेस? मग सिद्ध कर!

अमेरिकेतली इमिग्रेशनची धरपकड, लॉस एंजेलिसमधले छापे, बेड्या घालून विमानात बसवलेली माणसं, यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. एच वन बीच्या लॉटरीवाले जरा पुढच्या अंकापर्यंत दम धरा. यावेळी लॅटिनो, म्हणजे मूळ मेक्सिको, मध्य-दक्षिण अमेरिका वगैरे भागातल्या लोकांबद्दल बोलू, कारण बहुतेक प्रश्न त्यांच्यावरच आहेत आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल माहिती कमी आणि मतं भरपूर असा प्रकार आहे.

प्रश्न: बातम्यांत सारखं लॅटिनो लॅटिनो ऐकतो. हे सगळे मेक्सिकोतून भिंतीवरून उड्या मारून आलेलेच ना? मग सरकारने पकडलं तर एवढा गोंधळ कशाला? (एक ज्येष्ठ वाचक, जळगाव)

नाही हो काका, इथेच सगळी गडबड आहे. अमेरिकेत साडेसहा कोटींच्या आसपास लॅटिनो आहेत, म्हणजे दर पाच माणसांत जवळपास एक, आणि त्यातले पाचातले चार जण अमेरिकन नागरिक आहेत, बहुतेक तिथेच जन्मलेले. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचे लोक तर 1917 पासून जन्मानेच नागरिक, त्यांचा व्हिसाशी संबंधच नाही.

आणि काही घराणी अशी आहेत की ती कुठून आलीच नाहीत. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया हा सगळा पट्टा आधी मेक्सिकोचा होता. टेक्सास आधीच गेलं होतं, मग 1846 ला युद्ध झालं, 1848 ला ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथल्या लोकांना सांगितलं की वर्षभरात मेक्सिकन राहायचंय का ते कळवा, नाहीतर तुम्ही अमेरिकन. शेत तेच, चर्च तेच, नकाशा तेवढा बदलला. तिकडच्या चळवळीत घोषणाच आहे, आम्ही बॉर्डर ओलांडली नाही, बॉर्डरने आम्हाला ओलांडलं.

नंतर जे आले त्यांनाही बोलावूनच आणलं होतं, म्हणजे 1942 ते 1964 ब्रासेरो नावाची योजना होती, युद्धामुळे शेतात माणूस मिळेना म्हणून मेक्सिकोशी करार करून मजूर आणायचे, पीक निघालं की परत पाठवायचे, बावीस वर्षं हे चाललं. ते बंद केलं आणि लगेच 1965 च्या कायद्यात अमेरिका खंडातल्या देशांवर पहिल्यांदा व्हिसाची मर्यादा घातली. काम होतं, मालक तेच होते, येणारी माणसंही तीच होती, फक्त आता ती बेकायदा झाली.

प्रश्न: अकरा सप्टेंबरच्या हल्लेखोरांत एकही लॅटिनो नव्हता, तरी त्यानंतरच्या कायद्यांचा सगळ्यात मोठा फटका त्यांना बसला असं आमच्या मॅडम लेक्चरला म्हणाल्या. हे कसं काय? (लॉची विद्यार्थिनी, पुणे)

मॅडम बरोबर आहेत. 19 हल्लेखोरांपैकी 15 सौदी, सगळे व्हिसा घेऊन आलेले, मेक्सिकोच्या बॉर्डरवरून एकही आला नव्हता. आणि वेळ बघ कशी, 5 सप्टेंबर 2001 ला मेक्सिकोचे अध्यक्ष विसेंते फॉक्स व्हाइट हाउसमध्ये पाहुणे होते, बिनकागदाच्या मेक्सिकन कामगारांना कायदेशीर कसं करायचं यावर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्यासोबत बोलणी चालू होती, आणि बुश स्वतः टेक्सासचे असल्यामुळे त्यांचाही तसा विरोध नव्हता. सहा दिवसांनी टॉवर पडले आणि ती फाईल जी बंद झाली ती झालीच. 2006, 2007, 2013 ला पुन्हा प्रयत्न झाले, संसदेत कुठे ना कुठे अडकलेच.

माझ्या मते खरा बदल त्यानंतर खात्यांत झाला आणि तो आपल्या लक्षात येत नाही. एकेकाळी इमिग्रेशनचं काम अमेरिकेत मजूर खात्याकडे होतं. 1940 ला महायुद्धाच्या भीतीने ते न्याय खात्याकडे गेलं. मार्च 2003 ला ते जुनं ऑफिस मोडून नव्या होमलँड सिक्युरिटी खात्यात टाकलं आणि तिथून आईस (धरपकड आणि हद्दपारी करणारं खातं), बॉर्डरचं वेगळं दल वगैरे सुरू झालं. म्हणजे टोमॅटो तोडायला आलेला माणूस आधी मजूर होता, मग कायद्याचा प्रश्न झाला, आणि आता दहशतवाद रोखायला काढलेल्या खात्याचं गिऱ्हाईक आहे. ऑफिसच त्या कामासाठी काढलंय तर समोर येणाऱ्याकडे ते त्याच नजरेने बघणार ना.

विमानतळाचं उदाहरण घे. बॅगा तपासणारे लोक तेव्हा कॅलिफोर्नियात मोठ्या प्रमाणात ग्रीन कार्डवाले (कायम राहायचा परवाना आहे, पण नागरिक नाहीत असे), लॅटिनो, फिलिपिनो वगैरे होते. नोव्हेंबर 2001 च्या कायद्याने हे काम फक्त नागरिकांनाच करता येईल असं ठरलं, कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. आणि त्याच विमानतळावर तेव्हा बंदूक घेऊन नॅशनल गार्डचे जवान उभे असायचे, त्यात भरती व्हायला मात्र ग्रीन कार्ड चालत होतं! बंदूक चालेल, बॅगेचा एक्सरे नको.

पण खरं सांगायचं तर सुरुवात 2001 ला नाही, 1996 ला झाली, लेक्चरला याच्यावर एवढा जोर देत नाहीत म्हणून सांगतो. एप्रिल 1995 ला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवली, 168 माणसं गेली. उडवणारा टिमोथी मॅकव्हे, गोरा, अमेरिकेतच जन्मलेला, माजी सैनिक. त्यावर दहशतवादविरोधी कायदा आला एप्रिल 1996 ला, मग सप्टेंबरला इमिग्रेशनचा कायदा, आणि दोन्ही मिळून काय झालं तर ग्रीन कार्डवाल्याला हाकलायची कारणं प्रचंड वाढली. 'गंभीर गुन्हा' या यादीत चोरीचा साधा गुन्हापण बसायला लागला, एक वर्षाची शिक्षा झालेली असली, भले ती स्थगित असो, तरी पुरे. आणि हे मागच्या गुन्ह्यांनाही लागू, म्हणजे दहा वर्षांपूर्वी शिक्षा भोगून संपलेली केस पुन्हा उठून उभी. बॉम्ब मॅकव्हेने फोडला आणि बिल फाटलं तिसऱ्याच्याच नावावर.

प्रश्न: पण जो नागरिक आहे त्याला कसली भीती? पासपोर्ट दाखवायचा, विषय संपला. कर नाही त्याला डर कशाला? (गृहिणी, नाशिक)

ताई, तुमच्यासारखंच सगळ्यांना वाटतं, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीचं खोरं आहे, ब्राउन्सव्हिल, मॅकॅलन ही गावं. गरीब भाग, दवाखान्याचा खर्च परवडायचा नाही म्हणून बायका सुईणीकडे बाळंत व्हायच्या, स्पॅनिशमध्ये तिला पार्तेरा म्हणतात. नदीपलीकडे मेक्सिको, मावशी तिकडे, डॉक्टर तिकडे स्वस्त, लोक रोज ये-जा करायचे, पासपोर्ट कोणाकडेच नव्हता, लायसन्स दाखवलं की काम भागायचं. मग 2004 ला गुप्तचर यंत्रणा सुधारायचा एक कायदा झाला, त्यातून पुढे नियम निघाला की 1 जून 2009 पासून जमिनीवरून परत येतानाही पासपोर्टसारखा पक्का कागद हवा. लोकांनी अर्ज केले आणि सरकार म्हणालं, तुमचा जन्मदाखला सुईणीने नोंदवलेला आहे, आम्हाला संशय आहे.

संशय अगदीच हवेतला नव्हता, 1990 च्या दशकात तिथल्या काही सुईणी मेक्सिकोत जन्मलेल्या बाळांची खोटी नोंद केली म्हणून दोषी ठरल्या होत्या. पण म्हणून सगळेच खोटे? पन्नास-साठ वर्षांच्या माणसांना सांगितलं, बाप्तिस्म्याचा दाखला आणा, शाळेची नोंद आणा, आई गरोदर असतानाचे दवाखान्याचे कागद आणा. आता आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली, आपल्या आज्यांना कोणी जन्माचा पुरावा मागितला असता तर काय दाखवलं असतं त्यांनी? प्रकरण कोर्टात गेलं, 2009 ला तडजोड झाली, सरकारने नीट तपासणी करायचं कबूल केलं, आणि 2018 ला पुन्हा त्याच भागातून त्याच तक्रारी आल्या. हे सगळे स्वतःला जन्मापासून अमेरिकन समजणारे लोक, काहींनी तर सैन्यात नोकरी केलेली.

दुसरं म्हणजे रस्त्यावर अडवणं. 1975 ला तिकडच्या सुप्रीम कोर्टाने ब्रिग्नोनी-पोन्से केसमध्ये सांगितलं की माणूस मेक्सिकन दिसतो एवढ्यावरून गाडी थांबवता येणार नाही, पण इतर कारणांच्या जोडीला ते एक कारण धरता येईल. या 'पण'मधून सगळं आत शिरलं. 2025 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये कार वॉश, होम डेपो या बांधकाम सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमधले नाक्यावरचे कामगार, बसस्टॉप असे छापे पडले, जुलैमध्ये तिथल्या फेडरल जजने आदेश काढला की वंश, स्पॅनिश किंवा तसा ॲक्सेंट, उभं राहायची जागा आणि कामाचा प्रकार, फक्त एवढ्यावरून कोणाला अडवायचं नाही. 8 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. जस्टिस कॅव्हनॉ यांचं म्हणणं, नागरिक असेल तर थोडी विचारपूस होऊन लगेच सुटेल. जस्टिस सोटोमायोर, ज्या स्वतः पोर्तो रिकन घरातल्या, त्यांनी कडक विरोध लिहिला. मला विचाराल तर 'लगेच सुटेल' म्हणणं सोपं आहे, ज्याला आयुष्यात कोणी अडवलं नाही त्याला.

आणि हे काही नवीन नाही. 1930 च्या मंदीत लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना गाड्यांत भरून मेक्सिकोला रवाना केलं, त्यातले कितीतरी अमेरिकेत जन्मलेली पोरं होती, नागरिक. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल रीतसर माफीचा कायदा केला तो 2005 ला. तोवर ती पोरं एकतर गेलेली नाहीतर ऐंशीला टेकलेली.

प्रश्न: मी माजी सैनिक. माझा सवाल सरळ आहे, देशासाठी लढला तो त्या देशाचा. अमेरिकेत परदेशी माणसाला सैन्यात घेतात म्हणे, मग त्याला नागरिकत्व मिळतंच असेल? (सातारा)

नमस्कार साहेब. मिळू शकतं, पण आपोआप नाही, आणि त्यात बरेच जण फसले.

होसे अँतोनियो गुतिएरेझ या जवानाची गोष्ट सांगतो. ग्वाटेमालातला अनाथ मुलगा, पोरवयात बिनकागदाचा अमेरिकेत पोचला, पुढे ग्रीन कार्ड मिळालं, मरीन्समध्ये भरती झाला. मार्च 2003 ला इराकवर हल्ला सुरू झाला तेव्हा अगदी सुरुवातीला पडलेल्या अमेरिकन जवानांत तो होता, तोही आपल्याच बाजूच्या गोळीने. मेल्यावर त्याला नागरिकत्व दिलं.

2002 ला बुश यांनी आदेश काढला होता की युद्धकाळात सेवा करणाऱ्याला नागरिकत्वासाठी थांबावं लागणार नाही. पण अर्ज करावा लागतो, आणि बऱ्याच पोरांना वाटलं की शपथ घेतली, वर्दी चढवली, म्हणजे आपण झालोच नागरिक. परत आल्यावर डोकं ठिकाणावर नाही, दारू, ड्रग्ज, मारामारी, कुठलातरी गुन्हा झाला, शिक्षा भोगली, आणि तुरुंगाच्या दारातून थेट हद्दपारी, कारण 1996 चा कायदा मघाशी सांगितला तोच. मेक्सिकोतल्या तिहुआनात अशा हाकललेल्या सैनिकांसाठी एक घर आहे, लोक त्याला बंकर म्हणतात. ते सुरू करणारे हेक्टर बाराहास स्वतः अमेरिकन लष्कराच्या 82व्या एअरबोर्न डिव्हिजनचे पॅराट्रूपर, त्यांना कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी 2017 ला माफी दिली आणि 2018 ला नागरिकत्व मिळालं. बाकी कित्येक अजून तिकडेच. यांच्यात एक कडू जोक चालतो की परत जायचा पक्का रस्ता एकच, मरायचं, कारण सन्मानाने निवृत्त झालेल्या सैनिकाला लष्करी कब्रस्तानात जागा आणि झेंडा मिळतो, हद्दपार असला तरी.

प्रश्न: तुमचा कळवळा कळला. बेकायदा घुसलेल्याला कसले आलेत हक्क? लाईनीत उभं राहून या की! (ठाणे)

दादा, राग समजू शकतो, पण दोन गोष्टी.

लाईन. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन नागरिकाने आपल्या सख्ख्या भावासाठी अर्ज केला तर नंबर यायला वीस वर्षांच्या वर लागतात. प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, तीच जी आपल्या इंजिनियर पोरांना ग्रीन कार्डसाठी टांगून ठेवते. आणि अंगमेहनत करणाऱ्या माणसाला, ज्याचं तिकडे कोणीच नाही, त्याला कायमचं यायला जवळपास लाईनच नाही. मग तो उभा कुठे राहणार?

हक्क. अमेरिकेच्या घटनेत कायद्याच्या योग्य प्रक्रियेचं संरक्षण नागरिकापुरतं नाही, माणसाला आहे. आपल्याकडेही कलम 19 नागरिकांसाठी आणि 21 सगळ्यांसाठी, परदेशी माणसासाठीसुद्धा, तसंच. 1982 ला प्लायलर केसमध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासला सांगितलं की बिनकागदाच्या पोरांना सरकारी शाळेतून बाहेर काढता येणार नाही. आता कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरतं ते वेगळं. इमिग्रेशन कोर्ट हे खरं तर न्यायव्यवस्थेचा भागच नाही, ते सरकारच्या न्याय खात्याचं ऑफिस आहे, आणि तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, लहान पोरगं असलं तरी नाही.

आणि दादा, 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला जे अमेरिकन लष्करी विमान उतरलं, हातापायांत साखळ्या घातलेले 104 भारतीय, त्यात तीन आपल्या महाराष्ट्राचे होते. त्यांनाही हेच विचारणार का, लाईनीत का नाही लागला म्हणून? विचारा, पण मग दोघांना विचारा.

प्रश्न: एल साल्वाडोरच्या जेलचं प्रकरण थोडक्यात सांगाल का? (सोलापूर)

थोडक्यात सांगतो. 1798 चा एक कायदा आहे, शत्रूदेशाच्या नागरिकांना पकडायचा, तो आजवर तीनच युद्धांत वापरला होता, 1812 चं आणि दोन महायुद्धं. फेब्रुवारी 2025 ला व्हेनेझुएलाच्या त्रेन दे आराग्वा टोळीला दहशतवादी संघटना ठरवलं, आणि मार्चमध्ये ही टोळी म्हणजे आक्रमणच असं म्हणत तो कायदा बाहेर काढला. दोनशेच्या वर व्हेनेझुएलन लोक एल साल्वाडोरच्या महाकाय जेलमध्ये नेऊन टाकले, बऱ्याच जणांची सुनावणीच नाही, नातेवाइकांचं म्हणणं की अंगावरच्या टॅटूवरून टोळीवाला ठरवलं. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की आधी नोटीस द्या, कोर्टात जायला वेळ द्या. जे गेले होते ते चार महिने आत राहून जुलैत कैद्यांच्या अदलाबदलीत व्हेनेझुएलाला पोचले. त्याच विमानांत किल्मार अब्रेगो गार्सिया हा साल्वाडोरचा माणूस होता, ज्याला एल साल्वाडोरला पाठवू नका असा 2019 चा आदेश होता. सरकारने कोर्टात कबूल केलं की चुकून पाठवला. चूक कबूल करूनही त्याला परत आणायला जून उजाडला.

प्रश्न: आम्ही दोघं एच वन बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), बाळ होणार आहे. ट्रम्पच्या आदेशामुळे बाळाला नागरिकत्व मिळणार नाही का? झोप उडालीय. (एडिसन, न्यू जर्सी)

आधी अभिनंदन! 20 जानेवारी 2025 चा तो आदेश म्हणतो की आई बिनकागदाची किंवा तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नाहीत, तर बाळ नागरिक नाही. म्हणजे शेतमजूर मेक्सिकन बाई आणि एच फोरवरची आपली मराठी मुलगी, दोघी एकाच वाक्यात. 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीत जन्माने नागरिकत्व आहे आणि 1898 ला वाँग किम आर्क या चिनी आईबापाच्या मुलाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलंय. नवा आदेश कोर्टांनी लगेच अडवला, मग जून 2025 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की एका जिल्ह्याच्या जजने अख्ख्या देशाला लागू आदेश देऊ नये, त्यावर लोकांनी बाळांच्या वतीने क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्यांसाठी मिळून एकच दावा केला आणि न्यू हॅम्पशायरच्या जजने पुन्हा अडवला. केस कुठवर आलीय ते ताजं वकिलाला विचारा, बाळ झालं की जन्मदाखला आणि पासपोर्टचा अर्ज लगेच करा, उद्यावर ढकलू नका. आणि हो, जूनची ती केस ज्या संस्थेच्या नावाने ओळखली जाते ती कासा, मेरीलँडमधली, लॅटिनो स्थलांतरितांसाठी काम करणारी. तुमच्या बाळाची बाजू कोर्टात तीच मांडत होती.

प्रश्न: मुलगा दक्षिण टेक्सासला एमएस करायला चाललाय. खिशात काय ठेवायचं? (लातूर)

कायद्याने 18 वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपली नोंदणी दाखवणारा कागद जवळ बाळगायचा असतो, जुनाच नियम आहे, आता कडक झालाय. पासपोर्ट, आय 94 (देशात आल्याची नोंद) ची प्रिंट, कॉलेजचा आय 20 (प्रवेशाचा कागद), झेरॉक्सवर भागेलच असं नाही. बॉर्डरच्या आत शंभर मैलांपर्यंत त्यांचे नाके असतात, मॅकॅलनहून सॅन अँटोनिओला जाताना फालफुरियासचा नाका लागतोच, आणि तिथे काही संशय नसतानाही गाडी थांबवून नागरिकत्व विचारायला 1976 पासून सुप्रीम कोर्टाची परवानगी आहे. खरं तेच सांगायचं, नागरिक आहे असं गमतीतही म्हणायचं नाही, खोटा दावा केला तर आयुष्यभराची दारं बंद होतात. त्या खोऱ्यात अशी कुटुंबं आहेत की मुलं नागरिक, आईबाप बिनकागदाचे, पोरगं सॅन अँटोनिओच्या हॉस्पिटलमध्ये असलं तरी आईला हा नाका ओलांडता येत नाही. मुलाचे वर्गमित्र अशाच घरांतले असतील, पहिल्या भेटीत कागदांवरून चौकशा करू नकोस म्हणावं.